तोटीचा माठ: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात किती कामाचा?

वस्तू कोणती ते आधी. लाल मातीचा, भट्टीत भाजलेला, बाहेरून चकाकी नसलेला बारा लिटरचा माठ, खाली तोटी आणि वर झाकण. याला कंपनी नाही, छाप नाही, वॉरंटी तर नाहीच. होळी झाली की ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, हजिरा, ठाटीपूर अशा कोणत्याही भागात रस्त्याच्या कडेला याच्या राशी लागतात आणि विकणारा "एकदम पक्का माल" म्हणून हातात देतो. पक्का आहे की नाही हे तिथेच, उभ्या उभ्या तपासता येतं. ते पुढे येईलच.

निकाल मात्र आधीच सांगून टाकलेला बरा. एप्रिलच्या सुरुवातीपासून पाऊस येईपर्यंत चौघांच्या घराला प्यायच्या पाण्यासाठी यापेक्षा चांगलं आणि स्वस्त साधन नाही. पाऊस सुरू झाला की हाच माठ नुसतं मातीचं पिंप होतो. आणि जागा चुकली तर ऐन मे महिन्यातही तो काही करत नाही. "आमच्या माठात पाणी गारच होत नाही" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा जागाच असते.

पाण्याच्या प्रमाणाचं बोलू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार-मार्गदर्शनात निरोगी माणसाला दिवसाला साधारण आठ पेले, म्हणजे दोन लिटर पाणी सांगितलं आहे, आणि कडक उन्हाळ्यात किंवा अंगमेहनतीत ते वाढवायला सांगितलं आहे. घरात, कूलरसमोर बसून असलेल्यालाही इथल्या मे महिन्यात अडीच लिटर धरावं. हे माप सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी प्यायलं जात नाही, कारण पाणी पिण्यासारखं नसतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात धुवायलाही नको वाटतं. मग फ्रिज. पण चौघांच्या फ्रिजमध्ये बाटल्या असतात चार-पाच, त्या दुपारच्या जेवणालाच संपतात, आणि नंतर भरलेल्या संध्याकाळपर्यंत धड गार होत नाहीत. शिवाय बर्फगार पाण्याचा एक गुण असा की चार घोटांतच तहान भागल्यासारखी वाटते. घाम गाळलेल्या लोकांसमोर निरनिराळ्या तापमानाचं पाणी ठेवून केलेल्या प्रयोगांत सर्वांत जास्त प्यायलं गेलं ते १५-१६ अंशांच्या आसपासचं. त्याहून गार पाण्यानं तोंड आणि घसा आधी तृप्त होतात, शरीराची गरज मागे राहते. माठ काही १५ अंशांवर जात नाही. तो २५ ते २७ पर्यंत आणतो. पण ४० च्या कोमट पाण्याच्या आणि ५ च्या बर्फगार पाण्याच्या मध्ये, सलग दोन पेले सहज घशाखाली उतरावेत असं हे तापमान आहे, आणि ते एकदम दहा लिटरला मिळतं.

पाणी गार होतं ते स्वतःचाच थोडा हिस्सा खर्च करून. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगाला झिरपतं, तिथे कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हिशेब सोपा आहे: एक लिटर पाणी उडायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. दहा लिटर पाणी ४१ अंशांवरून २६ वर आणायला साधारण ६३० किलोज्यूल काढून टाकाव्या लागतात. म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त पाणी उडालं की काम झालं. प्रत्यक्षात खर्च याहून बराच अधिक होतो, कारण बाहेरची उष्णता सतत आत येत असते आणि माठ तिला सतत बाहेर काढत असतो. दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी "गायब" झालं तर माठ फुटका नाही, चालू आहे असं समजावं.

या पद्धतीला एक तळ असतो. हवा जितकी कोरडी तितका तो खाली. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा तळ, म्हणजे वाऱ्यात धरलेल्या ओल्या फडक्याचं तापमान, २३ अंशांच्या आसपास येतो. चांगला माठ त्याच्यावर दोन-चार अंशांवर थांबतो. जुलैत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तोच तळ २९ वर असतो. मग माठात ठेवा की पातेल्यात, फरक जिभेला कळत नाही. मुंबई-कोकणातून आलेले पाहुणे इथल्या माठाचं कौतुक करतात आणि परत गेल्यावर "तसा माठ इकडे मिळत नाही" म्हणतात. माठ तोच असतो, हवा वेगळी.

आता जागा. लष्करातल्या जुन्या वाड्यांमध्ये, शिंद्यांच्या छावणीत, दगडी जाड भिंतींची माजघरं आहेत. बाहेर आग ओकत असते तेव्हाही आत शिरलं की बरं वाटतं. साहजिकच माठ तिथल्या सर्वांत गार कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवला जातो. तिथे हवा हलत नाही. माठाभोवती ओलसर हवेचं वेष्टण तयार होतं, बाष्पीभवन मंदावतं, आणि भिंतीला टेकलेल्या बाजूला तर शेवाळच धरतं. माठाला गार जागा नको, कोरडा वारा हवा आणि सावली हवी. जाळीच्या खिडकीसमोर, ओसरीवर, जिन्याच्या वळणावर, ऊन लागणार नाही पण झुळूक लागेल अशी जागा शोधावी. लूचा, म्हणजे उन्हाळी झळांचा, वारा माणसाला नको असतो, माठाला चालतो.

दुसरी फसगत कूलरची. खिडक्या बंद करून लावलेला कूलर खोलीतली आर्द्रता चढवतो. त्याच खोलीत माठ ठेवला तर तो अर्ध्या ताकदीनं काम करतो. कूलरच्या खोलीबाहेरचा, वारा येणारा पॅसेज त्यापेक्षा चांगला. एसीच्या खोलीत हवा कोरडी असते, पण तिथे माठाची गरज कितपत, हा प्रश्न वेगळा.

माठ ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवू नये. बुडाला हवा लागत नाही, तेवढा भाग थंड करण्याच्या कामातून बाद होतो आणि खाली ओल साचून वास येतो. लोखंडी तीन पायांची घडवंची घ्यावी, कडं माठाच्या बुडाला नीट बसेल अशी. तोटीखाली पेला धरता यावा म्हणून घडवंची कमरेइतकी उंच असली तर म्हातारी माणसं आणि मुलं दोघांनाही सोयीचं. खाली ठिबक झेलायला ताटली ठेवत असाल तर ती आठवड्यातून दोनदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात.

खरेदीच्या वेळी पाच मिनिटं द्यावीत. माठ एका हातानं काठाला धरून उचला आणि बोटाच्या सांध्यानं टिचकी मारा, चारही बाजूंनी. खणखणीत नाद आला तर भाजणी नीट झालेली आहे आणि तडा नाही. आवाज बद्द आला तर एकतर केसाएवढी चीर आहे किंवा माठ कच्चा भाजलेला आहे. कच्च्या माठाच्या पाण्याला महिना झाला तरी मातीची चव राहते आणि आतला थर बोटाला लागतो. मग बाहेरून पाण्याचा एक थेंब ठेवा. काही क्षणांत शोषला गेला तर छिद्रं उघडी आहेत. थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला तर बाहेरून रंग, व्हार्निश किंवा चकाकी आहे. तो माठ झिरपणार नाही आणि गारही करणार नाही. फुलापानांची नक्षी काढलेले, ऑइलपेंटचे माठ दिवाणखान्यात शोभतात, तिथेच ठेवावेत. चकाकीच्या बाबतीत आणखी एक धोका: कशाची चकाकी आहे हे माहीत नसलेल्या भांड्यातून शिसं उतरू शकतं. पिण्याच्या पाण्याला अशी भांडी नकोतच.

लाल की काळा, यावर फार वाद घातला जातो. त्याच मातीला भट्टीत भरपूर हवा मिळाली तर लोहामुळे लाल रंग येतो, धूर कोंडून भाजली तर काळा. गार करण्यात रंगाचा काही संबंध नाही. काळ्याच्या बाबतीत एवढंच की ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघावं. थोडी काजळी येणं ठीक, पण फडकं काळंकुट्ट झालं तर वरून रंग चढवला आहे. लाल माठावर गेरूचा हात असतो, तो पहिल्या धुण्यात थोडा सुटतो. त्याची काळजी नको.

तोटी हा या वस्तूचा सगळ्यात कच्चा दुवा. तोटीचा माठ साध्यापेक्षा महाग असतो आणि ती वाढीव किंमत मातीची नसून तोटीचीच असते, तेव्हा तिच्याकडे नीट बघून घ्यावं. प्लास्टिकची खटका दाबायची तोटी हलकी आणि स्वस्त, पण तिची आतली स्प्रिंग गंजते आणि खटका अर्धवट उघडा राहतो. स्टीलची किंवा पितळेची फिरवायची तोटी टिकते. वजनामुळे मात्र तिच्या भोकाभोवती ताण येतो, म्हणून माठाची भिंत तिथे जाड हवी. बसवायची रीत अशी: तोटीचे आटे भोकातून आत, माठाच्या बाहेरच्या अंगाला एक रबरी वॉशर, आतल्या अंगाला एक, मग आतून नट. नट हातानं बसेल तेवढाच आवळावा. पाना लावला की भोकापासून चीर निघते, आणि ती तिथल्या तिथे दिसत नाही, दोन दिवसांनी ओल्या रेघेच्या रूपानं दिसते. भोकाची कड खडबडीत असेल तर वॉशर टेकत नाही. पॉलिश पेपरनं कड सपाट करून घ्यावी, विकणाऱ्याकडेच करून मिळाली तर उत्तम. गळती थांबवायला आतल्या बाजूनं नळदुरुस्तीची पुटी लावण्याची पद्धत आहे. ती पिण्याच्या पाण्यात नको. जाड वॉशर घातला की बहुतेक गळती थांबते.

पाझरणं आणि गळणं यातला फरक ओळखता आला पाहिजे, नाहीतर चांगला माठ परत केला जातो. पाझरणाऱ्या माठाचं सगळं अंग सारखं ओलसर आणि गडद दिसतं, हात लावला तर गार लागतं, थेंब फारसे पडत नाहीत. गळणाऱ्या माठाला एकाच जागी धार किंवा थेंबांची माळ असते. पहिले दोन दिवस बुडाला थोडे थेंब पडतात, ते पुढे कमी होतात.

नवा माठ आणला की लगेच पिऊ नये. आधी साध्या पाण्यानं धुऊन काथ्यानं आतून हलक्या हातानं घासा. मग काठोकाठ भरून २४ तास ठेवा, जमल्यास बाहेरूनही बादलीत बुडेल तेवढा भिजवा. ते पाणी झाडांना घाला. पुन्हा भरा, पुन्हा २४ तास, पुन्हा झाडांना. तिसऱ्या दिवशीचं पाणी चाखून बघा; मातीचा हलका वास राहील, तो आठवडाभरात जातो. साबण, भांड्यांची पावडर, द्रव साबण यांपैकी काहीही आत लावायचं नाही. छिद्रांत शिरलेला साबण महिनाभर पाण्याला चव देत राहतो. कांदे-लसूण, रॉकेल, फिनेल यांच्या शेजारीही माठ नको, माती वास धरते.

मराठी घरांत नव्या माठाचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा असतो. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर द्यायची आणि मग घरचा माठ मांडायचा. मुहूर्त पाळायला हरकत नाही, पण खरेदी त्याआधी दोन-तीन आठवडे केलेली बरी: निवडीला राशी मोठी असते, आणि भिजवणं-धुणं होऊन माठ त्या दिवसापर्यंत खरंच पिण्याजोगा झालेला असतो.

रोजचं भरणं रात्री करावं. दहा-बारा लिटर पाणी गार व्हायला सहा ते आठ तास लागतात. दुपारी बारा वाजता टाकीचं ४२ अंशांचं पाणी ओतलं तर संध्याकाळपर्यंत कोणालाच गार मिळत नाही, उलट सकाळचं उरलेलं गार पाणीही वाया जातं. सकाळी नळ येतो तेव्हा थेट नळाचं पाणी धरून ते झाकलेल्या स्टीलच्या पिंपात ठेवावं आणि रात्री माठात घालावं. ज्या घरात सहा माणसं आहेत किंवा येणं-जाणं आहे, तिथे एक वीस लिटरचा माठ घेण्याऐवजी बारा-बाराचे दोन घ्यावेत आणि पाळी लावावी: एक पिण्यात, एक गार होण्यात. मोठ्या माठात पाण्याच्या मानानं पृष्ठभाग कमी पडतो, त्यामुळे तो उशिरा गार होतो, आणि भरलेला असताना धुवायला हलवणं दोन माणसांचं काम होतं.

माठाचा एक फायदा फारसा कोणी वापरत नाही: घर किती पाणी पितं याचा तो रोजचा हिशेब देतो. आपल्या घरचे पेले आधी मोजून घ्यावेत. एक लिटरच्या बाटलीनं भरून बघा, फुलपात्रं सहा-सात लागतात, मोठे पेले चारच. "आठ पेले" याचा अर्थ त्यावर ठरतो. मग असं धरा: तोटी बुडापासून चार-पाच सेंटिमीटर वर असते, म्हणून तळाचं एक-दीड लिटर तोटीतून येत नाही. बारा लिटरचा माठ गळ्यापर्यंत भरला की हाती लागतात साधारण दहा लिटर, त्यातून बाष्पाचा अर्धा-एक लिटर वजा. उरतात नऊ-साडेनऊ. चौघं जण दिवसभर घरीच असतील तर रात्री झोपताना तोटीची धार बारीक झालेली असायला हवी. अर्धा माठ शिल्लक असेल तर कोणीतरी पीत नाहीये, आणि ते बहुधा घरातलं सर्वांत म्हातारं माणूस असतं. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. त्यांना "तहान लागली का" विचारण्यात अर्थ नाही. सकाळी उठल्यावर, दोन्ही जेवणांच्या आधी-मधी, दुपारच्या झोपेनंतर, असं वेळेला पेला हातात द्यावा. संडास-बाथरूमला रात्री उठायला नको म्हणून कित्येक जण संध्याकाळनंतर पाणी टाळतात. त्यांचं माप दुपारी चारच्या आत पुरं करावं.

पुरतंय की नाही ते लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळा रंग ठीक. गडद, कमी आणि जळजळीची, म्हणजे ज्याला घराघरांत उन्हाळी लागली म्हणतात, ती पाणी कमी पडल्याची सूचना असू शकते. पाणी वाढवूनही दिवसभरात थांबली नाही किंवा ताप, कंबरदुखी आली तर तो जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो, तिथे धन्याचं पाणी आणि सब्जा यांवर विसंबू नये. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं लघवी पिवळीधमक होते, तिचा पाण्याशी संबंध नाही. मुतखडा एकदा होऊन गेलेल्यांना रोज अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी सांगितलं जातं; म्हणजे ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पिणं त्याहून बरंच जास्त.

उन्हात काम असेल तर माप वेगळं: दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, सुमारे २४० मिली. एकदम लिटरभर ढोसणं नको, आणि तासाला १.४ लिटरच्या वर जाऊ नये. तास-दोन तास घाम निथळत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. ओआरएसचं एक लिटरसाठीचं पुडकं पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही, आणि ते २४ तासांत संपवायचं. मीठ घातलेलं ताकही चांगलं. पण ओआरएस, सरबत, ताक यांतलं काहीही माठात घालू नये, छिद्रांत जाऊन बसलं की माठ पाण्याच्या कामाचा राहत नाही.

हृदय कमकुवत असलेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, डायलिसिसवरचे: यांना "जास्तीत जास्त पाणी प्या" हा सल्ला घातक ठरू शकतो. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेलं माप सकाळी माठातून एका खुणेच्या बाटलीत काढून ठेवावं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं, माठाचं असो की उकळलेलं. आईनं मात्र जास्त प्यायचं.

आता माठाबद्दलचे गैरसमज. माठ गाळणी नाही. त्यात घातलेलं पाणी जितकं स्वच्छ, तितकंच, किंवा त्याहून कमी स्वच्छ, बाहेर येतं. ग्वाल्हेरच्या नळाला तिघरा धरणाचं पाणी मोतीझीलच्या केंद्रातून शुद्ध होऊन येतं.    मुद्दा क्लोरीनचा. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी पोचताना पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. माठात रात्रभर राहिलेल्या पाण्यातून ते बहुतेक उडून जातं. चव सुधारते ती त्यामुळेच, पण संरक्षणही तिथेच संपतं. त्यानंतर एक घाणेरडा हात किंवा उष्टा पेला आत बुडाला तर जंतूंना रोखणारं काही उरत नाही. साध्या माठापेक्षा तोटीचा चांगला, तो याच कारणासाठी. साधा माठ घेतलाच तर लांब दांड्याचं ओगराळं वेगळं ठेवा आणि ते झाकणावर पडून न राहता खिळ्याला टांगलेलं असू द्या. घरात फिल्टर असेल तर आधी फिल्टर, मग माठ. उकळत असाल तर पूर्ण गार झाल्यावर ओता. गरम पाण्यानं माठाला तडा जातो.

"माठाचं पाणी अल्कलाइन असतं, त्यानं ऍसिडिटी जाते" हे विकणारेही आता सांगू लागले आहेत. जठरातल्या आम्लापुढे मातीतून आलेल्या चिमूटभर क्षारांचं काही चालत नाही. माठ घ्यायला गारवा हे कारण पुरेसं आहे.

वाळ्याची जुडी घालायची असेल तर आधी चांगली धुवा, तासभर भिजवून ते पाणी टाका, दोऱ्यानं बांधून सोडा आणि चार-पाच दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा. जास्त दिवस राहिली की मुळांवर बुळबुळीत थर येतो आणि वाळ्याच्या सुगंधाखाली तो लक्षात येत नाही.

धुणं दर तिसऱ्या दिवशी: तळाचं पाणी ओतून, काथ्यानं घासून, दोनदा खळबळून. आठवड्यातून एकदा तोटी काढून तिच्या नळीतून बारीक ब्रश फिरवा. सर्वांत जास्त बुळबुळ तिथेच असते आणि तोंड लावून पिणारी मुलं तिथेच तोंड लावतात. बोअरच्या पाण्यावर असलेल्या घरांत महिन्याभरात बाहेर पांढरा खार येतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि छिद्रं बुजतात. "आधी गार व्हायचं, आता होत नाही" म्हणतात ते या टप्प्यावर. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडक्यानं बाहेरून लावा, अर्ध्या तासानं काथ्यानं घासा, भरपूर पाण्यानं धुऊन दिवसभर उन्हात वाळवा. एक-दोनदा यानं माठ परत चालतो, मग नाही. आरओ फिल्टरचं पाणी घातलं तर खार फार कमी येतो आणि माठ जास्त टिकतो. एरवी त्याला एका उन्हाळ्याचा मालच समजावं.

बाकीच्या भांड्यांबद्दल थोडक्यात. तांब्याचा हंडा गार करत नाही. पाणी रात्रभर ठेवायला ठीक, लिंबू किंवा ताक कधीच नाही. स्टीलचं पिंप साठ्याला उत्तम, नळ एक दिवसाआड येऊ लागला की त्याच्यावाचून चालत नाही. विकतच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅम्पर सोयीचा, पण एकदा उघडला की दोन दिवसांत संपवावा आणि भरणाऱ्याकडे तो आतून कसा धुतला जातो हे एकदा जाऊन बघून यावं. थर्मास बाटली बाहेर जाताना हवीच, आणि ती सकाळी माठातूनच भरावी. माठाच्या पाण्यात थोडा बर्फ घातला की दुपारपर्यंत ते गार राहतं.

जूनच्या शेवटी हवा दमट झाली की माठ काढून ठेवावा. तोटी सोडवून, व्हिनेगरचा हात फिरवून, तीन-चार दिवस कडकडीत ऊन मिळेल तेव्हा वाळवून, उघड्या तोंडानं कोरड्या जागी. ओला ठेवला तर आतून काळी बुरशी धरते आणि ती घासून जात नाही. स्टीलची तोटी चांगली असेल तर पुढच्या माठालाही चालते. वॉशर मात्र दरवर्षी नवे घ्या, वाळलेलं रबर पहिल्याच रात्री गळतं.